एक दगड राहिला

पळसवणे, ता. कर्जत
८ फेब्रुवारी

चिरंजीव स्वप्नील,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. फोन लावला तर तू उचलत नाहीस. मेसेज केला तर दोन निळ्या टिका पडतात आणि पुढं सामसूम. म्हटलं, पत्र लिहावं. पत्र फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

पुणं म्हणजे काय परदेश आहे का रं? एक घाट चढला की तू, उतरला की आम्ही. त्या घाटानं टेंपो येतात, पाहुणे येतात, सुट्टीला गड बघायला येणारी पोरं येतात. तूच तेवढा दोन दिवाळ्या आला नाहीस.

आता आबांची बातमी. उभा असशील तर बस. पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला तो बसलाच. आम्ही आपलं ज्येष्ठमध आणि हळद-दूध करत राहिलो. शेवटी नवी मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवलं, तर घशात गाठ. नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. गाठ गेली, माणूस राहिला, पण आवाजाची पेटीच काढावी लागली. आता बोलणं होणार नाही, कधीच नाही. घाबरू नको, तब्येत बरी आहे, दोन वेळा जेवतात, माझ्यावर डोळे वटारतात. तुला कळवायचं नाही असं त्यांनी पाटीवर लिहून दिलं होतं. हो, पाटीवर. जन्मभर अंगणवाडीत मी पोरांना पाटी पुसायला शिकवली, आता घरात एक मोठं पोर पाटी घेऊन बसलंय. त्यांचं न ऐकता मी लिहितेय, हे आपल्या दोघांत ठेव.

खरं कारण पुढंच आहे. चैत्री पौर्णिमेला हौसाईची जत्रा. पारावर गोष्ट सांगायचा मान आपल्या घराचा, यंदा कोण सांगणार?

तुला गोष्ट पाठ आहे, माहीत आहे मला. तरी लिहिते, कारण तू ती तुझ्या चित्रांच्या पुस्तकात अशी काही फिरवलीस की मूळची विसरला असशील. निजामशाहीच्या वेळी पाखरगडाच्या दरवाजाचा बुरूज उभा राहीना. दिवसा चढवावा, रात्री ढासळावा. किल्लेदाराला कुणीतरी सांगितलं, बुरूज सवाष्ण मागतोय. पलीकडच्या गावच्या पाटलाला हुकूम झाला, घरातली एक सून दे, नाहीतर गाव उठवतो. पाटलाच्या तीन सुना. त्यानं धाकटीला निवडलं, कारण तिच्या माहेरचे गरीब, विचारायला कोण येणार? ती हौसा, आपल्या गावची लेक. तिला सांगितलं, गवंड्यांना आंबील नेऊन दे. आंबील घेऊन गेली ती परत आली नाही. गुडघ्यापर्यंत दगड आले, कमरेला आले, छातीला आले, गळ्याला आले. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या माहेरच्या ओट्यावर सांजेला दिवा लागतो, तेवढा मला दिसू द्या." आणि शेवटचा दगड ज्याच्या हातात होता त्या गवंड्यानं तो खाली ठेवला. तो आपला मूळपुरुष.

इथं आबा थांबायचे. दम घ्यायचे, आणि म्हणायचे, "एक दगड राहिला." आणि सगळी जत्रा एका तोंडानं ओरडायची, "राहू दे!"

बस्स. पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. बुरजात ती फट अजून तशीच आहे. दरवर्षी "राहू दे" म्हटलं की ती वर्षभर जगली. ज्या वर्षी गोष्ट सांगितली जाणार नाही, त्या वर्षी दगड बसला असं धरायचं. कोरोनाच्या वर्षीसुद्धा आबांनी तोंडाला रुमाल बांधून मला आणि गुरवाला उभं केलं आणि सांगितली. आम्ही दोघंच "राहू दे" म्हणालो, आणि गुरवाची म्हैस हंबरली.

तू म्हणशील, आई, तूच सांग की, तुला पण पाठ आहे. आहेच. चुलीपाशी बसून मी ती किती वेळा ऐकली असेल. पण सांगायचं बाप्यांनी, बायकांनी नुसतं अडवायचं, अशी गावची वाटणी आहे. दगड लावणारे बाप्येच होते ना? मग सांगू दे त्यांनाच. मला ती वाटणी पसंत आहे.

तेव्हा तू ये. आबांशी बोलू नको हवं तर. त्यांनाही तुझ्याशी बोलता येणार नाही, म्हणजे फिटंफाट झाली. फक्त पारावर बसून गोष्ट सांग आणि जा.

आशीर्वाद राखून ठेवलाय, उत्तर आलं की देईन.

तुझी आई


पळसवणे
धुळवड

स्वप्नील,

उत्तर नाही. होळीला पुरणपोळी केली, तुझी पोळी कावळ्यालाही घातली नाही, मीच खाल्ली. रागानं खाल्ली म्हणून पचली नाही.

तुझ्या पुस्तकाबद्दल मी कधी बोललेच नाही तुझ्याशी. सगळे बोलले. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, बक्षीस मिळालं, मोबाइलवर तुझी मुलाखत झाली. त्यात तू म्हणालास की जुन्या दंतकथा गोड बोलून खून लपवतात, आणि तुला त्यांतलं रक्त काढून दाखवायचंय. आणि आता पुढचं पुस्तक कुठल्यातरी तळ्याचं, ज्यानं नवरदेव गिळला. काढ बाबा. पण आईचं मत कुणी घेतलं नाही, म्हणून आता देते.

पहिलं म्हणजे ऊन कुठं गेलं रं? सगळी पानं काळी नि तांबडी. आपल्याकडं चैत्रातलं ऊन असं असतं की दगडावर भाकरी भाजावी, आणि तुझ्या पुस्तकात सगळे जण जणू कोळशाच्या वखारीत उभे आहेत. पाटलाला नुसती शिंगंच काढायची राहिली. पण हौसा छान काढलीस. आंबिलीचं मडकं कमरेवर घेऊन वळून बघते, ते चित्र मी परत परत उघडून बघितलं. तिचे पाय काढलेस ना, भेगा पडलेले, ते कुणी बघून काढल्याशिवाय येत नाहीत.

आता एक गंमत तुला माहीत नाही. तू शेवटचा आलास त्या दिवाळीत पुस्तक आणून माझ्या हातात दिलंस आणि अंघोळीला गेलास. मला जन्मापासूनची खोड, मासिक असो की पेपर, मागून चाळायचं. तसंच चाळलं. चित्रंच बघत गेले, अक्षरं काही वाचली नाहीत. आधी एक अख्खं काळंभोर पान. मग दगड धरलेला हात. मग हौसेचा चेहरा दिसला. मग गळ्यापासचे दगड नाहीसे, मग छातीचे, कमरेचे, गुडघ्याचे. मग मोकळी होऊन उभी, मग मडकं घेऊन चालत माहेरच्या वाटेला. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी पळत जाऊन आबांना म्हटलं, "अवो, बघा तरी. आपल्या पोरानं हौसेला भायेर काढली!"

आबांनी चष्मा लावला. ते सरळ माणूस, पहिल्या पानापासून बघत गेले. शेवटच्या काळ्या पानाशी आले आणि थांबले. पुढचं तुला माहीतच आहे. मी आधी तसं बोलले नसते तर कदाचित त्यांना एवढं लागलं नसतं. आशेनं उघडलं ना त्यांनी.

"ज्या घरानं कधी दगड बसू दिला नाय, त्या घरच्या पोरानं बसवला," असं ते म्हणाले. तू ओल्या केसांनी दारात उभा. म्हणालास, "आबा, ती मेली. तेव्हाच मेली. तुम्ही सगळे राहू दे राहू दे करता आणि घरी जाऊन जेवता." आबा म्हणाले, "झाकली मूठ उघडायला तुला कोणी सांगितलं?" आणि मग जे काही उचलली जीभ लावली टाळ्याला झालं दोघांचं, ते परत लिहीत नाही.

हल्लीची खबर अशी. तुझं पुस्तक वाचून पोरं गडावर येतात आणि फटीत दगड घालतात. घालतात आणि मोबाइलवर रील करतात, "शेवटचा दगड मी ठेवला", मागं भुताचं संगीत. गडाच्या पायथ्याशी ठाकरवाडीतली ठमी सरबत विकते ना, ती सांगत होती, "बाय, शनवारी रव्वारी घालतात, सोमवारी मी काढून टाकते. माझे कंबरेचे काटे ढिले झाले." परवा कुणीतरी एवढा मोठा ठोकून बसवला होता की ठमीनं पहार नेली. आबांना कळू दिलं नाही. त्यांना कळलंच असणार, कारण ते पाटीवर ठमीच्या कंबरेची चौकशी करत होते.

आणि मालोजी, जत्रा कमिटीचा अध्यक्ष, काल येऊन गेला. म्हणाला, "काकू, यंदा आबाजींचं असं झालं. मोठा पडदा लावू, स्वप्नीलच्या पुस्तकाची जी फिल्म फिरतेय तीन मिनिटांची, ती दाखवू. गावच्याच पोराची हाय, मान घरातच राहील." ती फिल्म मी पाहिली आहे. शेवटी सगळं काळं होतं आणि "धप्प" आवाज येतो. म्हणजे पारावर, हौसाईसमोर, भरल्या जत्रेत दगड बसवायचा. मी त्याला म्हटलं, "मालोजी, जत्रा मुकी गेली तरी चालंल, पर डब्यातून धप्प नको." तो बिचारा म्हणाला, "काकू, कायतरी तर झालं पायजे ना. वर्ष कोरं गेलं तर लोक मलाच खातील." त्याचंही खरं आहे.

म्हणून सांगते, ये. भांडायला ये, पण ये.

आई


पळसवणे
गुढीपाडवा

स्वप्नील,

गुढी उभारली. श्रीखंड लोधिवलीहून मावशीनं पाठवलं. तुझ्याकडून काही नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तुला वाटलं असेल, म्हातारीला कळलंच नाही. कळलं होतं, पहिल्या दिवशीच कळलं. काळ्या पानाच्या आधी दगड धरलेला जो हात आहे, तो डावा, आणि त्याची तर्जनी अर्धीच आहे.

मळणी यंत्रात आबांचं अर्धं बोट गेलं तेव्हा तू पाळण्यात होतास. तो अर्धा हात धरून तू चालायला शिकलास. सहावीत असताना तू चित्रं काढायला लागलास तेव्हा आबा मोहोपाड्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून यायचे, ओट्यावर आडवे व्हायचे आणि तू त्यांचा झोपलेला हात काढायचास. वह्याच्या वह्या भरल्यास. मला ठाऊक आहे, तुला हात म्हटलं की तोच येतो. मी आबांना तसं सांगितलंही. "त्याला दुसरा हात येतच नाय, तुमच्याच हातावर तो शिकला." ते म्हणाले, "येत नाय आसं नाय चंद्रा. त्यानं माझाच काढलाय." तेव्हा आवाज होता.

खरं सांग रं, कुठलं खरं? सवयीनं आला का मुद्दाम काढलास? त्या दिवशी दारात तू शेवटी एक वाक्य बोललास, ते मला अजून टोचतं. "शेवटचा दगड आपल्या पूर्वजानं ठेवला नाही याचा केवढा मान आपल्याला. आधीचे सगळे कुणी ठेवले, ते कुणी विचारत नाही." सगळ्या भांडणात तेवढ्यालाच आबांनी उत्तर दिलं नाही.

मी ह्यावर दोन वर्षं विचार करतेय. चुलीपाशी दुसरं काम काय? तू म्हणतोस तेही खरं आहे. तो गवंडी गुडघ्याला थांबला असता तर ती चालत घरी गेली असती. गळ्याशी थांबून काय थांबला? आणि आम्ही गाववाले वर्षातून एकदा ओरडतो आणि हात झटकतो. पण मी नवी सून म्हणून इथं आले त्या वर्षी मला गडावर नेऊन त्या फटीत बांगड्या ठेवायला लावल्या. सगळ्या नव्या सुनांना लावतात. मी हात आत घातला, आत गार होतं. मला ती मेलेली वाटली नाही, जिवंतही वाटली नाही. ऐकत बसलेली वाटली. खाली गावात आपलं नाव कुणी घेतंय का, एवढंच ऐकत. तेव्हापासून मी "राहू दे" म्हणते ते तिला ऐकू जावं म्हणून. तुझ्या काळ्या पानात ते ऐकणं बंद झालं, एवढंच माझं म्हणणं. बाकी तुझ्याशी वाद नाही.

काल दुपारी एक पाहिलं. आबा मागच्या पडवीत बसले होते. पुस्तक त्यांनी दोन वर्षांपूर्वी फळीवर टाकलं होतं, ते काढलं होतं. मी आडून बघितलं. मागून चाळत होते. काळं पान, हात, चेहरा, गळा, छाती, कंबर, गुडघा, आणि हौसा चालत घरी. परत मागून सुरू. माझ्यासारखं चुकून नव्हे, मुद्दाम. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि पाय वाजला. त्यांनी पुस्तक टोपाखाली लपवलं, चोरून गूळ खाणाऱ्या पोरागत.

संध्याकाळी हे पत्र लिहायला बसले तर पाटी पुढं केली. "कोणाला?" मी म्हटलं, लोधिवलीला, श्रीखंड पोचल्याचं. त्यांनी मान डोलावली. श्रीखंडाचं एवढं लांब पत्र कुणी लिहितं का? पण काही विचारलं नाही.

जत्रा दोन आठवड्यांवर आली. मालोजीनं पडद्याची सुपारी दिली आहे. आता तुझ्याच हातात आहे, अर्ध्या बोटाच्या नाही, तुझ्या धडधाकट हातात.

आई


पळसवणे
जत्रेनंतर तिसरा दिवस

चोरा,

हो, चोरच. चोरासारखा आलास आणि चोरासारखा गेलास. पण क्रमानं सांगते, कारण तू मागं उभा होतास, तुला पुढचं दिसलं नसणार.

सांजेला पारासमोर सगळी जमली. पार सोडून बाजूला मालोजीचा पडदा, दोन मोठाले स्पीकर, तोंडातून नुसतं खर्रर्र. मी बायकांत पुढं बसले होते, पदराआड देवाला म्हणत होते, वीज जाऊ दे. एरवी रोज जाते, त्या दिवशी जाईल तर शपथ. मालोजीनं माइक हातात घेतला, आणि एवढ्यात तुझे आबा उठले. धुवट सदरा, गळ्याला पांढरा रुमाल. मला काही सांगितलं नव्हतं. काठी टेकत पारावर चढले, आपल्या दगडावर बसले, आणि पिशवीतून तुझं पुस्तक काढलं.

मालोजी माइक तसाच धरून उभा. आबांनी पुस्तक उघडलं, पहिल्या पानापासून, सरळ. छातीशी धरून लोकांकडं वळवलं, जसं मी अंगणवाडीत पोरांना चित्रं दाखवायची तसं.

पुढच्यांना दिसलं, मागच्यांना कुठं दिसणार? मागून आरडाओरडा, "काय हाय? काय हाय?" तेव्हा पुढची पोरं मागं वळून सांगायला लागली. "पाटलाचा वाडा हाय." "तीन सुना हायेत." मग त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. आबा पान उलटायचे आणि गोष्ट रांगेमागून रांग मागं जायची. कुणी चुकलं की म्हातारे दुरुस्त करायचे. "आंबील रं, ताक नव्हं!" कुणालाच वाटलं नव्हतं आपल्याला एवढी येते. ठमीला तर सगळी येत होती, गडाखालचीच ती. "गुडघ्याला आला." "कमरेला आला." बायकांनी गोष्ट सांगायची नाही ही वाटणी कुठं गेली कुणास ठाऊक, मीसुद्धा मागं वळून सांगितलं, "छातीला आला." स्वप्नील, चित्रं तुझीच होती, काळी नि तांबडी. पण गाव ती आपल्या तोंडानं सांगत होतं, आणि सांगताना प्रत्येकाच्या तोंडातून दगड जात होता. मला त्या वेळी तुझं ते वाक्य आठवलं, आधीचे कुणी ठेवले.

मग आला तो हात. पुढची पोरं सांगायचं सोडून एकदा पुस्तकातल्या हाताकडं बघत होती आणि एकदा पुस्तक धरलेल्या हाताकडं. पुढच्या सगळ्यांना दिसलं. आबांनी लपवलं नाही. उलट आपला अर्ध्या बोटाचा हात त्या चित्रातल्या हातावर ठेवला आणि तसेच बसून राहिले. पुढचं पान उलटलं नाही.

आणि आता अडलं. तिथं जो शब्द म्हणायचा तो त्यांनीच म्हणायचा. त्यांनी म्हटल्याशिवाय "राहू दे" कसं म्हणणार? त्यांचे ओठ हलत होते. गळ्याशी रुमाल हलत होता. मला वाटलं, गेलं, यंदा गेली आपली हौसा.

आणि मागून, उसाच्या रसाच्या गाड्याकडून, आवाज आला. "एक दगड राहिला."

आबांचा आवाज. हुबेहूब, तोच खर्ज, "दगड" म्हणताना तसाच दम घेतलेला. लोकांना वाटलं चमत्कार झाला. ठमी ओरडली, "आबाजी बोल्ला!" आणि मग जे "राहू दे!" झालं ना, गडावरची पाखरं उठली. मालोजी माइकमध्ये ओरडला, त्यामुळं कानठळ्या बसल्या ते वेगळं.

मी मात्र नवऱ्याकडं बघत होते. त्यांचे डोळे मागं गाड्याकडं लागले होते, आणि डोळ्यांतून पाणी. स्वतःचा आवाज लांबून ऐकला त्यांनी. आईला बापाचा नि पोराचा आवाज वेगळा कळत नसेल असं वाटलं का तुला? मी उठले, बायकांच्या मांड्या तुडवत मागं आले, तर गाडी चालू झाल्याचा आवाज तेवढा. रसवाला म्हणाला, हेल्मेट घातलेला होता, अर्धा ग्लास टाकून गेला. अर्धा ग्लास टाकून! घाबरलास कशाला रं? कुणी खाल्लं असतं?

पत्रं पोचली होती म्हणजे. बरं.

आता शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर दाढीचं सामान घेऊन बसले. चहा द्यायला गेले तर मांडीवर तुझं पुस्तक, काळं पान उघडलेलं, हातात ब्लेड. म्हटलं, एवढं झालं आणि आता फाडतात. त्यांनी मला हातानं थांब म्हटलं. काळ्या पानात वरच्या बाजूला, बुरजात जिथं फट आहे तिथंच, त्यांनी ब्लेडनं एक चौकोन कापला. सुपारीएवढा. अर्ध्या बोटानं दाबून धरून, सावकाश, कडा सरळ. कापलेला तुकडा फुंकून उडवला. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "बाकीचं त्याचं बरोबर हाय."

मी दोनदा वाचलं. मग त्यांनी ते पुसलं नाही, तशीच पाटी भिंतीला टेकवून ठेवली. अजून आहे. मग पुस्तक माझ्या हातात दिलं आणि माझ्या पेनाकडं बोट केलं. लोधिवलीच्या श्रीखंडाचं त्यांना पहिल्यापासून कळलं होतं म्हणायचं.

पुस्तक ह्या पत्राबरोबर पाठवतेय. नव्यानं छापशील तेव्हा काळं पान काढू नको, ते खरं आहे. भोकही बुजवू नको, तेही खरं आहे. पान डोळ्यासमोर धरून त्या भोकातून बघ. तुझ्या खोलीतली ट्यूबलाइट दिसेल, पुण्यात दुसरं काय दिसणार? ओट्यावर आबा रोज सांजेला दिवा लावतात, मला लावू देत नाहीत. तो बघायचा असेल तर घाट उतरावा लागेल.

आणि पहिल्या पत्रापासून तुझा आशीर्वाद मी राखून ठेवलाय. तो पाठवत नाही. तेवढा एक राहिला. राहू दे. घ्यायला ये.

तुझी आई